रांगोळी चुकवून लावलेली गाडी

शेजारचे देसाई न विचारता आमच्या अंगणात गाडी लावतात. वकील म्हणाले, आधी नोटीस, मग पोलिसांत तक्रार, शेवटी कोर्टाचा मनाई हुकूम. आज सकाळी नोटीस घेऊन तावातावाने बाहेर आलो, तर देसाई म्हाताऱ्या आईला गाडीत बसवत होते. तिचं डोकं दाराला लागू नये म्हणून वर हात धरला होता. चाकं नेहमीसारखी आमच्या उंबऱ्यापुढची रांगोळी चुकवून उभी होती.

"आमच्या दारात उतार आहे, आईचा पाय ठरत नाही," ते ओशाळून म्हणाले.

"मग विचारायचं की."

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

माणसाला शिव्या सोसवतात, नकार सोसवत नाही. अंगण कायद्याने माझंच आहे. नोटीस मात्र खिशातच राहिली, कारण मी खरंच नाही म्हणालो असतो.