सहीसाठी खालापूरला

कर्जतच्या स्टँडवर मुलगा सोडायला आला होता. "अण्णा, आत्याची सही घेतल्याबिगर येऊ नका. जमिनीचं गिऱ्हाईक थांबणार नाय."

"माझी बहीण हाय ती," मी म्हटलं. "मी सांगितलं की करील."

बापाची जमीन खालापूरकडे, मी राहतो मुलाकडे. पिशवीत यमुनेसाठी साडी होती, खिशात सहीसाठी पेन. आमच्यात हक्कसोड (बहिणीनं बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडणं) अशीच होते. भाऊ साडी देतो, बहीण सही करते, माहेर शाबूत राहतं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण एवढं मला कुणी शिकवायला नको.

भात कापलेल्या शेतांत वाल फुलला होता. एसटी मध्येच पंक्चर झाली. खालापूरचं दस्त नोंदणीचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं, म्हणून मी टेंपोला हात केला आणि कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी बसून यमुनेच्या गावी, चौकला उतरलो. ढाब्यावर वडा-उसळ घेतली. तिखट चांगली होती.

यमुनेच्या दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "नातीच्या शाळंत गेली. वकील आल्यात, पालकांनाबी बोलावलंय."

वकील म्हटल्यावर मी तसाच शाळेकडे निघालो.

वर्गात पोरं खाली बसलेली, आयाबाया मागच्या भिंतीला टेकून. हे वकील आपलं काम सोडून शाळांमधून फुकट कायदा सांगत फिरतात म्हणे. काळ्या कोटातली पोरसवदा बाई विचारत होती, "वडिलांच्या जमिनीत हिस्सा कोणाचा?"

"भावाचा," मुलीच आधी ओरडल्या.

"दोघांचा. मुलीचाही तेवढाच."

मागून यमुना उठली. "म्हातारीचाबी?"

"हो आजी. वयाचा संबंध नाही. आणि तुमच्या मनाविरुद्ध कोणी सही घेऊ शकत नाही."

मी दारातूनच म्हटलं, "वकीलबाई, हिस्सा घेतल्यावर माहेर कुठं राहतं ते पण सांगा पोरींना."

सगळा वर्ग वळला. बाई म्हणाली, "आजोबा, ते कायद्यात नाही. ते भावाच्या हातात असतं."

मी आणखी बोलणार होतो. पण यमुना माझ्या पिशवीकडे बघत होती.

"साडी आणलीस दादा? आज काय दिवाळी हाय?"

पोरं हसली. ती हसली नाही.

तरी ती माझ्याबरोबर रिक्षानं खालापूरला आली. ऑफिसच्या व्हरांड्यात साडी मांडीवर घेऊन ती बसली. दस्त लिहिणाऱ्यानं कागद पुढे केला. तिनं माझं पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"दादा, सातबाऱ्यावर बापामागं आपली दोघांचीच नावं हाईत. माझं राहू दे रं."

"गिऱ्हाईक जाईल, यमे."

"जाऊ दे. मी सही नाय करत. रागावलास तर साडी घेऊन जा."

तिनं साडी पुढं धरली. दस्तवाला माझ्याकडे बघत होता, मी टोलनाक्याकडे जाणाऱ्या गाड्यांकडे. मग मी पिशवीची घडी घातली आणि खिशात कोंबली.

"चल," म्हटलं, "तुला चौकला सोडतो."

अंधार पडता कर्जतला उतरलो. मुलगा उभाच होता.

"झाली सही?"

"नाय."

"मग साडी कुठंय?"

इतकी वर्षं रीत मी त्याला शिकवली, पण ही एवढी सांगायची राहिली होती. म्हटलं, "बहिणीला नेलेली साडी परत आणत नसतात."

आता दिवाळीला दुसरी न्यायची आहे. पेन न घेता.