निकेतच्या मापाचा पाट

रेवदंड्याच्या बाजारात गणराजचा फोटो स्टुडिओ आहे. दुकान एवढेसे. एक टेबल, मागे एक पडदा आणि टेबलाला लागून भिंतीशी एक लांब बाकडे. त्या बाकड्यावर बसून गावाने लग्नांचे फोटो निवडले, बारशांचे निवडले, गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटोही तिथेच निवडले. कुणी हसले, कुणी डोळे पुसले. गणराजने कधी कुणाला उठवले नाही. भगवंताने त्याला हात दिला, नजर दिली, माणसाला बसवून घेणारा स्वभाव दिला. एवढे दिले, आणि समोर निकेत दिला.

निकेत त्याचाच चेला. कॅमेरा धरायला शिकला तो इथे, आणि दुकान थाटले ते रस्त्यापलीकडे. दर्शनी काचेमागे त्याने नवा संगणक मांडला. त्याचे कॅबिनेट, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यात बसतात ती पेटी, चांगले धिप्पाड होते. बाजू काचेची, आत निळे-जांभळे दिवे. संध्याकाळी मासळी विकून परतणाऱ्या बायका टोपल्या उतरवून बघत राहत.

"देवळात आरास केल्यावानी दिसतंय गो," रंगूआत्या म्हणाली. ती गणराजकडची जुनी गिऱ्हाईक. ते शब्द रस्ता ओलांडून आले आणि गणराजच्या काळजात माशाच्या काट्यासारखे रुतले.

"पोरगा पुढे गेला, मला आनंदच आहे," असे तो भेटेल त्याला सांगे. सांगे, आणि घरी येऊन अर्ध्या जेवणावरून उठे. मत्सराची हीच तर करणी. ओठावर आशीर्वाद ठेवतो आणि पोटात निखारा ठेवतो. दुसऱ्याचा दिवा मोठा दिसू लागला की आपल्या घरातला उजेडही अंधार वाटतो.

त्यातच गणराजचा जुना संगणक बंद पडला. नवा जुळवून घ्यायचा ठरला. बायको जयमाला म्हणाली, "आतले भाग चांगले घ्या. पेटी काय, कसलीही चालेल." पण गणराजचे सारे चित्त पेटीतच अडकले होते.

एके दिवशी तो अभिनंदनाच्या मिषाने निकेतकडे गेला. "वा, वा," म्हणत त्याने त्या कॅबिनेटची पाठ थोपटली, आणि थोपटता थोपटता वीत टाकली. लांबीला टाकली, रुंदीला टाकली.

"सर, काय बघताय?" निकेतने विचारले.

"काही नाही रे. थंड राहतंय का, ते पाहतोय."

माप मुठीत धरावे तसा तो थेट सुताराकडे गेला. आपल्या भागात गणपतीआधी घरचा पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात पोचता करतात. पाट जेवढा, मूर्ती तेवढी. तोच रिवाज गणराजने संगणकाला लावला. निकेतच्या मापाहून चारी बाजूंनी दोन दोन बोटे मोठा पाट करवून घेतला, तो काखोटीला मारला आणि रिक्षाने अलिबाग गाठले.

अलिबागला प्राची संगणक जुळवून देई. तिचे माहेर पेणचे, आजोबांचा मूर्तींचा कारखाना. टेबलावर पाट आदळताच ती हसू लागली.

"गणराजकाका, बाप्पाचं बुकिंग माझ्याकडे?"

"ह्याच्यावर बसेल असं कॅबिनेट दे. जरा बाहेर आलं तरी चालेल, आत जाता कामा नये."

प्राचीने पाटावरून हात फिरवला. लाकूड कोरे होते. त्यावर हळदीचा डाग नव्हता, कुंकवाचा नव्हता. "काका, पाट घरच्या मखराच्या मापाचा असतो. हा कुठल्या मखराचा?"

गणराजने पाट आपल्याकडे ओढून घेतला.

"तुमच्या टेबलाखाली जागा किती?"

ती त्याने मोजलीच नव्हती. शत्रूच्या घरचे माप मुखोद्गत, आणि स्वतःच्या घरचे ठाऊक नाही! त्याने जयमालेला फोन लावला. त्याने पाटाचे माप सांगितले, तिने दुकानात जाऊन टेप धरली.

"टेबलाखाली नाही मावत एवढं," ती म्हणाली. "बाकडं काढलं तर मावेल."

"मग काढू."

"काढा की. रंगूआत्या तिच्या नवऱ्याचा फोटो निवडायला आलीय, आत्ता बसलीय त्याच्यावरच. तुम्हीच सांगा तिला, ऊठ म्हणून. फोन देऊ?"

"नको," गणराज घाईने म्हणाला.

प्राचीच्या दुकानात निकेतच्यापेक्षाही मोठे असे एक कॅबिनेट उभे होते. गणराज त्याच्याकडे बघत राहिला, उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावे तसा. पडदा हलवता येईना, टेबल कापता येईना. हे दुकानात नेले तर निकेत खाली मान घालेल; आणि रंगूआत्या उभी राहील, पाय दुखले की रस्ता ओलांडेल. समोर निकेतकडे खुर्च्या आहेत.

प्राचीने मोठ्या कॅबिनेटची बाजू उघडून दाखवली. "तुमचा मदरबोर्ड लहान आहे. ह्यात निम्मं घर रिकामं राहील." मग तिने अगदी चिमुकले एक पुढे ओढले आणि स्वतःच बाजूला सारले. "ह्यात ग्राफिक्स कार्ड अडेल. आणि तुमच्या लग्नांच्या जुन्या हार्ड डिस्क कुठे बसवू? मधलं घ्या. मागे चार बोटं वाऱ्याला सोडली की टेबलाखाली नीट राहील."

"दिवे?"

"ह्यात नाहीत, काका."

गणराजने पाट उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला. "मधलं दे," तो म्हणाला. आवाज असा, की जणू दाढ उपटायला होकार देतो आहे.

प्राचीने संगणक जुळवला. तो रिक्षात मांडीवर घेऊन गणराज परतला, तेव्हा निकेतच्या काचेपुढे शाळेची पोरे नाके चिकटवून उभी होती. गणराजने टेबलाखाली कॅबिनेट सरकवले. ते हाताला हात लागावा तसे अलगद बसले. रंगूआत्या अजून बाकड्यावरच होती, दोन फोटोंत तिचे मन ठरत नव्हते. तो तिच्याजवळ बसला. दोन्ही फोटो मोठे करून दाखवले, पुन्हा दाखवले, घाई केली नाही.

ती गेल्यावर त्याने रस्त्यापलीकडे पाहिले. निळा दिवा, जांभळा दिवा. पोटातला निखारा तसाच होता, तसूभरही विझला नव्हता.

"जयमाले," तो म्हणाला, "उद्या आपल्या दाराला जाड पडदा लाव. समोरचं ऊन फार येतं."

"समोर उत्तर दिशा आहे," जयमाला म्हणाली. "तिकडून ऊन येतं होय?"

"लाव म्हटलं ना."