पाणी न धरणारं पोलाद

ती घटना आठवली की आजही हात नकळत छातीकडे जातो. मी तेव्हा वाळूज भागात पोलीस निरीक्षक होतो. एका सशस्त्र टोळीला पकडायला आमचं पथक चार दिवसांनी निघणार होतं. त्यासाठी नवी बुलेटप्रूफ जाकिटं आली होती.

सकाळची हजेरी चालू असताना बजाजनगरात राहणारा एक भट्टी कामगार ठाण्यात आला. मूळचा पाचोडकडचा, पन्नाशीतला.

"साहेब, जाकिटातल्या त्या प्लेटा आमच्या कारखान्यात झाल्यात. घालू नका."

"का?"

"निकेल, क्रोमियम मिसळलेलं पोलाद तापवून पाणी दिलं की लई कडक होतं. ड्रिल बोथट पडतं. ह्या मालात सरळ घुसतंय. साधं लोखंड हाय हे. मालकाला बोललो, तर गप बस म्हणला."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि मालकाला बोलावलं. त्याने बसायच्या आधीच चाचणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. न विचारता कागद दाखवणाऱ्या माणसाविषयी मला नेहमीच शंका येते. दोन तास तो एकच वाक्य घोळवत राहिला, "पोलाद ते पोलाद, साहेब."

मग त्याच्या सुपरवायझरला वेगळं बसवलं. या सुपरवायझरचा मेहुणा राखीव दलात होता. मालकाने प्रमाणपत्रासोबत आणलेली चाचणीची प्लेट आणि आमच्या जाकिटातली प्लेट मी टेबलावर शेजारी ठेवली.

"मेहुण्याला यातली कोणती द्याल?"

चाचणीची प्लेट बोटाने पुढे सरकवून तो म्हणाला, "खरा माल तेवढाच होता, साहेब."

त्याच दुपारी पंचांसमक्ष माल सील केला. प्रयोगशाळेनेही तेच कळवलं. कारवाई आम्ही पुढे ढकलली आणि दुसऱ्या कारखान्यातली जाकिटं येईपर्यंत थांबलो.

पुढे पैठण रस्त्याला त्या टोळीने गोळीबार केला. एक गोळी माझ्या हवालदाराच्या छातीवर बसली. बरगड्या ठणकल्या, पण माणूस स्वतःच्या पायांनी परत आला.

त्या कामगाराची नोकरी तोवर गेली होती. हवालदार, त्याची बायको आणि मी कामगाराच्या खोलीवर गेलो. ती माउली त्याच्या पाया पडायला वाकली, तसा तो मागे सरला.

"प्लेट फुटली नाय ना?"

"नाही. नुसता पोचा आला," हवालदार म्हणाला.

"मग ज्यानं ती केली, त्याला माझा रामराम कळवा."

आपला जीव किती अनोळखी हातांनी राखलेला असतो, हे मला त्या खोलीत कळलं. दुसऱ्या दिवशी मी नव्या जाकिटांच्या त्या दुसऱ्या कारखान्याला पत्र लिहिलं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून 'भट्टीवरील कामगारास' एवढंच घातलं.