जास्वंदीवरचं पांढरं

जास्वंदीच्या पानांवर पांढरं दिसलं तेव्हा मी बायकोला विचारलं, "पीठ चाळून झाल्यावर चाळणी या झाडावर झटकतेस का?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पीठ चाळते मागच्या ओट्यावर, जास्वंद पुढं गेटापाशी. एवढं पीठ उडालं असतं तर तुमच्या पोळ्या कशाच्या झाल्या असत्या?"

मग मी दुसरं निदान केलं, क्षाराचं. लातुरात बोअरच्या पाण्यानं बादली, नळ, चहाचं पातेलं, सगळ्यावर पांढरा थर बसतो, आणि आम्ही केस गळण्यापासून डाळ न शिजण्यापर्यंत सगळं त्याच पाण्यावर ढकलतो. ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसलं. चार दिवसांत पांढरं परत आलं, ते आता कापसाच्या पुंजक्यांसारखं, देठांच्या बेचक्यात. बोटाला चिकट लागत होतं. कळ्या न उमलताच गळायला लागल्या. बायको मात्र टोमणे मारायची थांबली, आणि मला खरी काळजी तेव्हा वाटली.

कारण ते झाड तिच्या माहेरचं. रेणापूरजवळच्या गावातल्या अंगणातली फांदी सासूबाईंनी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली होती. त्या गेल्या आणि मेव्हण्यानं अंगणात फरशी टाकली, ट्रॅक्टर लावायची सोय म्हणून. मूळ झाड त्यात गेलं. ती भावाशी भांडली नाही, फक्त माहेरी जाणं कमी केलं. त्या अंगणातलं जे उरलं होतं ते आमच्या गेटापाशी उभं होतं आणि त्याचा डॉक्टर मी होतो.

शेवटी मेव्हण्यालाच फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला. स्पीकर चालू होता, बायको दारात उभी.

"दाजी, पिठ्या ढेकूण हाय हा. रस पितो. झाडावर मुंग्या हायत का?"

"हायत की. लई हायत."

"मंग त्याच सांभाळायल्यात त्याला. त्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, तो त्या खातेत अन् त्याला उचलून दुसऱ्या फांदीवर नेतेत. आधी त्यांची वाट तोडा. कुठून यायल्या ते बघा."

बघायला लांब जावं लागलं नाही. दर शनिवारी मुंग्यांना साखर घालायची माझ्या वडिलांची सवय. त्यांच्याकडून माझ्याकडं शेत कमी आणि सवयी जास्त आल्या. आणि साखर घालायला मला सावलीची, सोयीची जागा सापडली होती ती जास्वंदीच्या बुडाशी. मी बायकोकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, हे कळायला बघावं लागत नाही.

फार पांढऱ्या झालेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाकल्या. कापताना ती आत निघून गेली. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरात फवारा मारला. ऊन उतरल्यावर निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी पानांच्या खालच्या बाजूनं मारलं, आणि दर आठवड्याला तेच करत राहिलो. खोडाला कापड गुंडाळून त्यावर ग्रीस लावलं. साखरेची जागा पार मागच्या भिंतीपाशी नेली. पुण्य सोडलं नाही, पत्ता बदलला.

बरेच दिवस ते झाड म्हणजे अंगणात रोवलेल्या काटक्याच होत्या. ती रोज सकाळी पदर खोचून वाकायची, बघायची, आत यायची. मग एका काटकीला बारीक पोपटी पान आलं, त्यामागून बाकीच्यांना. पहिलं लाल फूल उमललं तेव्हा मी त्याचाही फोटो मेव्हण्याला पाठवला.

या वेळीही त्याचा फोन आला, फूल कधी उमललं ते त्यानं विचारलं. मग म्हणाला, "दाजी, ताईला इचारा. एखादी फांदी मिळंल का मला?"

मी निरोप दिला. ती फूल देवापुढं ठेवून आली, हात पुसले आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी फरशी फोड. जास्त न्हाई, परातीएवढी. मग मी स्वतः घेऊन येते."