माळावरचा खड्डा

माझी धाकटी बहीण सुनंदा शाळेत चित्रकला शिकवते. तिची मुलगी तापानं गेली, तेव्हापासून तिनं ब्रश हातात धरला नव्हता. मग एका सकाळी ती कुदळ घेऊन गावाबाहेरच्या माळावर निघाली. "माझ्या उंचीचा खड्डा खणणार आहे. यंदा हेच माझं चित्र," म्हणाली. मी धास्तावून रोज तिच्याबरोबर जाऊ लागले.

चौथ्या दिवशी कमरेइतक्या खोलीवर कातळ लागला. सुनंदानं कुदळ फेकली आणि नखांनीच तो खरवडू लागली. बोटं रक्तानं माखली. "पुरे गं," मी काठावरून विनवत होते. ती ऐकेना.

शेळ्या वळणारी एक म्हातारी तिथं थांबली.

"काय पुरायचंय, बाई?"

"काही नाही."

"मग काय काढायचंय?"

सुनंदाचे हात थांबले. ती मटकन खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मुलीचं नाव घेऊन ओरडली, "जुई!"

खड्डा म्हणजे शेवटी काय, तर तिथून जे काढून नेलंय त्याचा आकार. आईच्या आत तो किती खोल असतो, हे काठावरून दिसत नाही. मी चपला काढल्या आणि खाली उतरून तिच्याजवळ बसले.