कॉम्प्युटरच्या मागं ठेवलेलं दही

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. हा सासूबाईंचा कायदा. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या दाराला प्लास्टिक, आणि हॉलमधल्या सोफ्याला तर माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं जाड प्लास्टिक, आता पिवळं पडलेलं. उन्हाळ्यात पाहुणा त्यावरून उठला की चर्रर्र आवाज होतो आणि बिचारा उगाच ओशाळतो. सासूबाईंचं माहेर काष्टीचं. इथं नगरशेजारी भिंगारला येऊन जन्म गेला तरी बोली तिकडचीच. "नवं हाय तवर नवं दिसू दे की," म्हणतात. कुणाला दिसू दे, हे विचारायची आमची कुणाची टाप नाही.

लग्नाआधी मी श्रीरामपूरला एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे. हात चांगला होता माझा, उगाच लाजायचं कशाला? लग्न झालं आणि सासूबाई म्हणाल्या, "घरात काय कमी हाय? कशाला वनवन करायची?" मीही ऐकलं. पण कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ मोबाईलवर आला की मला राहवायचं नाही. हा सीन इथं कापायला हवा होता, तो तिकडं जोडायला हवा होता, असं मी भाजी चिरता चिरता पुटपुटत असायचे.

शेवटी नगरच्या एका स्टुडिओवाल्यांना मीच फोन लावला. ते म्हणाले, "एक लग्न करून दाखवा, ताई. शनिवारी सकाळी हातात पाहिजे. जमलं तर पुढची कामं तुम्हालाच." इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझं काम विचारत होतं.

नवऱ्याला भलता उत्साह. त्यानं सुटे भाग मागवले आणि कॉम्प्युटर घरीच जोडायला घेतला. हॉलमध्ये चादर अंथरली, मोबाईलवर जोडणी शिकवणारा व्हिडिओ लावला. सासूबाई शेजारी पाट टाकून बसल्या. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याच्या काचेवरचं प्लास्टिक ओढलं मात्र, "आरं आरं आरं! ऱ्हाऊ दे तेवढं! लगीच चरे पडत्यात." तो म्हणाला, "बरं." पुढं प्रत्येक वस्तूला हेच. त्यानं वाद घालणंच सोडून दिलं आणि नुसतं "हो हो, ठेवतो" म्हणत राहिला. संध्याकाळी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, बटण दाबलं. चालू झाला! पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. नवरीला हळद लागतेय तिथवर आले आणि पट्! स्क्रीन काळी. पुन्हा चालू केला, पुन्हा हळद, पुन्हा पट्. त्या नवरीला हळद काही पूर्ण लागू देईना मेला.

नवरा येऊन बसला की तोच कॉम्प्युटर शहाण्या बाळासारखा वागायचा. हे महाशय करणार काय, तर गाणं लावणार आणि स्क्रीनवरचा फोटो बदलणार! "बघ, चालतोय की. तुझ्याच हाताला काहीतरी आहे." मी म्हटलं, "माझ्या हाताची चव रोज दोन वेळा घेता, तेव्हा नाही काही वाटत?"

मग घरात उपाय सुरू झाले. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. सासऱ्यांचं म्हणणं, अर्थिंग कमजोर आहे. ते रोज सकाळी तुळशीला घालावं तसं अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी घालायला लागले. नवऱ्यानं सगळ्या वायरी काढून परत लावल्या, विंडोज पुसून नव्यानं टाकलं. नवरी आपली अर्धी पिवळी ती अर्धीच. स्टुडिओवाल्यांचा फोन आला, "जमत नसेल तर आत्ताच सांगा हं, ताई. दुसऱ्याला देतो." "जमतंय, जमतंय," म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

गुरुवारी नवऱ्यानं आतलं तापमान दाखवणारं काहीतरी टाकलं. मी काम सुरू केलं की मधली मुख्य चिप अशी तापायची, की आकडा बघता बघता लाल! "अगं, हा तर उकळतोय," तो ओरडला. डब्याचं झाकण उघडून टेबलफॅन लावला. फरक शून्य.

सासूबाईंनी मात्र "उकळतोय" एवढंच ऐकलं. थंडीचे दिवस, नगरची थंडी, आणि त्यांचं दही आठवडाभर धड लागत नव्हतं. त्यांनी विरजण लावलेलं पातेलं टॉवेलात गुंडाळून कॉम्प्युटरच्या मागं ठेवलं, बरोबर वारा बाहेर पडतो तिथं. मी संध्याकाळभर तिथंच बसून बंद पडलेला कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करत होते. सकाळी त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. दूध होतं तसं.

"म्हनं उकळतोय! डोंबलाचं उकळतोय! ह्याच्यातनं गारच वारं येतंय की."

मला आधी हसू आलं. मग हसता हसता थांबले. कॉम्प्युटर चालू करून काम लावलं आणि मागं हात धरून बघितला. खरंच गार! आत आग आणि बाहेर गार, मग ती उष्णता जाते कुठं? मध्ये काहीतरी अडवतंय. मी नवऱ्याला हाक मारली, "चिप गार ठेवायला तिच्यावर तो पंख्याचा ठोकळा बसवलाय ना, तो काढा बरं."

त्यानं स्क्रू काढले, ठोकळा उलटा केला. खाली चकचकीत तांब्याचा तळ, आणि त्या तळाला चिकटलेलं पारदर्शक प्लास्टिक. त्यावर इंग्रजीत ठळक लिहिलेलं, लावण्याआधी काढा.

नवऱ्यानं आईकडं बघितलं. आईनं छताकडं.

"वाचलं नव्हतं का हो तुम्ही?" मी विचारलं.

"वाचलं होतं गं. पण आई शेजारी बसली होती ना."

शुक्रवार उजाडला होता. त्यानं ते सोललं, पुसलं, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावून ठोकळा बसवला. मी पदर खोचून बसले ती दिवेलागणीलाच उठले. हळद लागली, अक्षता पडल्या, पाठवणी झाली, कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. व्हिडिओ तयार व्हायला लावला आणि जेवायला गेले. येऊन बघते तर मागं पुन्हा टॉवेलातलं पातेलं! मी टॉवेल जरा नीट खोचला.

सकाळी व्हिडिओ तयार होता आणि दह्यात चमचा उभा राहत होता. स्टुडिओवाल्यांनी बघून फोन केला, "ताई, इतके दिवस कुठं होता तुम्ही? पुढचं लग्न पाठवतोय." मी हो हो म्हणत राहिले. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

दुपारी हॉलमधून चर्रर्र आवाज आला. पाहुणे आले वाटतं, म्हणून धावले. सासूबाई कात्री घेऊन सोफ्याचं प्लास्टिक कापत होत्या.

"घरात काय कमी हाय, आसं मीच म्हनले हुते तुला," त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या.

"जाऊ द्या ना, आत्या."

"जाऊ कसं दिऊ? लई वर्सं गेली की गं तुजी."

त्यांनी शेवटचा तुकडा ओढून काढला, जपून सोफ्यावर बसल्या आणि शेजारी हात थोपटला.

"बस. लई मऊ हाय गं ह्यो. आमाला ठावंच न्हवतं."