बिळातले दाणे

"माती बदलली," एवढंच म्हणून दादा खुरपी खाली ठेवायचे. मग खुद्द मोठे सर आले तरी तिथला कण हलवू द्यायचे नाहीत. आधी बोटांनी चाचपायचे, मग खुरपीच्या मुठीने ठोकून कान लावायचे. आम्ही एम.ए. झालेली मंडळी तोवर वर उभी राहून उन्हाला शिव्या घालायची.

सिन्नरच्या अलीकडे नदीकाठी पांढरीचं टेकाड होतं. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती. गावकरी ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकायचे. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेती करणारी माणसं राहून गेली होती. सत्तरच्या दशकात आम्ही लागोपाठ तीन हिवाळे तिथे खणलं. मी सरांचा संशोधक विद्यार्थी, नाशकाहून एसटीने आलेला, आणि एका चराच्या नोंदींची वही माझ्याकडे. त्या चरात खुरपी धरायचे दादा. गावच्याच बौद्धवाड्यातले, शाळेचं तोंड न पाहिलेले.

एकदा एका झोपडीची जमीन लागली. कडेने कापल्यावर सारवणाचे पापुद्रे एकावर एक दिसायला लागले. दादा मोजत मोजत वर आले आणि एकदम भडकले.

"ही बाई बघा, कशी नेमानं सारवायची! आन् हिच्या मागून आली ती लय आळशी. नुसता पोतेरा फिरवलाय. सासू व्हती तवर घर व्हतं, भाऊसाहेब."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण मी वहीत लिहून ठेवलं, की वरचे थर पातळ आणि घाईने दिलेले आहेत. पुढे एका पाहुण्या प्राध्यापकांनी त्या निरीक्षणाचं फार कौतुक केलं. माझं, अर्थात. दादा तेव्हा पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेले होते.

संध्याकाळी काम सुटलं की हातपाय धुऊन ते माझ्या टेबलापाशी यायचे. "आज काय लिवलं?" वही इंग्रजीत, मी मराठी करत वाचायचो. ते उकिडवे बसून डोळे मिटून ऐकायचे. चुकलं की हात वर. "राखाडी नव्हं, पिवळसर. खोडा." मी खोडायचो. त्यांची खात्री पटली की उठायचे, "लिवलं ना? मग बास," म्हणायचे आणि घरी जायचे. ती वही त्यांची पण आहे, असं त्या भल्या माणसाला खरंच वाटत होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात अगदी तळच्या थरात जळके गहू सापडले. एवढ्या खाली, एवढे जुने! सर हरखून गेले. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं बघायला येणार होती. सर चराच्या काठावर उभं राहून सगळ्यांना सांगत होते, हा धान्य साठवायचा खड्डा. आणि खालून दादा म्हणाले, "नाय साहेब. उंदराचं बीळ हाय ते."

दादांनी खुरपीच्या टोकाने माती उकरून दाखवली.

"आतली माती भुसभुशीत हाय, वाट वाकडी हाय. वरच्या घराला आग लागलेली दिसतीय ना, तिथले जळके दाणे बिळातून खाली आलेत. बाहत्तरच्या दुष्काळात बिळं खणून खणून दाणे काढलेत आमी. पोरं जगवली त्याच्यावर. बीळ मला कळतं."

सर माझ्याकडे वळले. "वही तुम्ही लिहिता. तुमचं काय मत?"

ती भुसभुशीत माती मला स्वच्छ दिसत होती, हो! पण माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून अडलेला. "साठवणीचाच खड्डा वाटतो, सर," मी म्हणालो.

"ह्याची खुरपी काढून घ्या," सर म्हणाले. "उद्यापासून टोपल्या वाहू दे."

त्या संध्याकाळीही दादा आले. "आज काय लिवलं?" कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, साठवणीचा खड्डा. मी वाचलं, "उंदराचं बीळ. दाणे वरच्या थरातले." शपथेवर सांगतो, एकदाही अडखळलो नाही. हात वर गेला नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. "लिवलं ना? मग वाहीन टोपल्या. टोपल्यांचं काय एवढं!"

आणि हंगाम संपेपर्यंत त्यांनी त्या वाहिल्या. आम्ही दिसलो की हसायचे.

मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. दाणे तपासणीला गेले आणि यथावकाश उत्तर आलं: हे गहू तळच्या थराचे नाहीत, पुष्कळ अलीकडचे आहेत. अहवाल छपाईला निघाला होता. सर म्हणाले, एक तळटीप टाकून द्या. मी टाकली. खोदणाऱ्या मजुरांच्या निष्काळजीपणामुळे वरच्या थरातले दाणे खाली मिसळले असावेत. वाक्य माझं आहे. चांगलं जमलंय, कुणी हरकत घेतली नाही. आणि वर्गात मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगत असे, उंदराची बिळं ओळखायला शिका.

ऐंशीच्या दशकात एकदा नाशकात सीबीएस स्टँडवर हाक आली. "जयभीम, भाऊसाहेब!" दादा. वाळलेले, खोकत होते. कुणाच्या तरी द्राक्षबागेत चर खोदायला जात होते. "पोरगी कॉलेजात हाय. इतिहास घेतलाय. तिला म्हणलं, तुझ्या बापाचं म्हणणं पुस्तकात छापलंय. छापलंय ना?"

खरं बोलायची ती वेळ होती. स्टँडवर गर्दी होती, त्यांची गाडी लागायची होती, दहा मिनिटं हाताशी होती.

"छापलंय," मी म्हणालो. "प्रत पाठवतो."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. प्रत मी पाठवली नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच.

चारेक वर्षांनी कॉलेजच्या पत्त्यावर मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

"सर, बाबा गेल्या गुरुवारी वारले. तुमची प्रत आली नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच लायब्ररीतून पुस्तक घरी आणलं होतं. तळटीप मी आधी वाचली होती. बाबा म्हणाले, माझं पान काढून वाच. तुम्ही त्यांना जे वाचून दाखवलं होतं, तेच मीही वाचून दाखवलं. त्यांनी त्या पानावरून हात फिरवला. येत्या रविवारी घरी पुण्यानुमोदन आहे. आपण येऊ नये, ही विनंती."